समता कॉलनीच्या सरळ वर

रायपूरच्या समता कॉलनीतल्या कुठल्याही गच्चीवरून एक उभी रेघ सरळ वर काढायची. ढग, चंद्र-सूर्य, तारे, देवांची एकावर एक रचलेली विमाने, सगळे ओलांडून ती विश्वाच्या टोकापर्यंत न्यायची. कुठे पोहोचेल? जैन शास्त्रांनी याचे उत्तर दिले आहे, आणि मोजमापासकट दिले आहे. ती सिद्धशिलेवर पोहोचेल. तिथे, बरोबर त्या बिंदूच्या वर, मुक्त झालेले जीव असतील. एक-दोन नव्हेत, अनंत.

मोक्ष म्हटले की बहुतेकांच्या मनात काहीतरी धूसर, उजेडासारखे उभे राहते. जैन आचार्यांना ती धूसरता चालत नव्हती. मुक्त जीव राहतात ती जागा त्यांनी मोजली, तिची जाडी सांगितली, परीघ काढला, तिथे राहणाऱ्यांची उंची अंगुळांपर्यंत नोंदवली. हे आकडे एकमेकांत किती चपखल बसतात ते पाहिले की माणूस थक्क होतो.

आधी विश्वाचा आकार. जैनांचा लोक चौदा रज्जू उंच आहे, रज्जू हे विश्व मोजायचे माप, आणि त्याचे चित्र उभ्या माणसाचे काढतात: कमरेवर हात ठेवलेला लोकपुरुष. मराठी वाचकाला इथे विटेवरचा विठोबा आठवणारच. लोकपुरुषाचे पाय मात्र फाकलेले असतात. पायांकडे नरक, कमरेशी आपला मध्यलोक, धडापासून वर देवलोक, आणि कपाळाशी, अगदी शेवटी, सिद्धशिला. तिच्या वरच्या शेवटच्या थराच्या पलीकडे अलोक. तिथे पोकळीशिवाय काही नाही.

आता मध्यलोकात या. मधोमध जंबूद्वीप, १ लाख योजन व्यासाचे. आपले भरतक्षेत्र त्याच्या दक्षिण टोकाला. त्याला वेढून लवणसमुद्र, २ लाख योजन रुंद. त्याला वेढून धातकीखंड, ४ लाख. मग कालोदधी समुद्र, ८ लाख. मग पुष्करवर द्वीप, १६ लाख. पण त्याच्या मधून मानुषोत्तर पर्वताचे कडे गेले आहे आणि त्या पर्वतापलीकडे माणूस जन्मत नाही. म्हणून त्यातले निम्मेच धरायचे, ८ लाख. एका बाजूला २ अधिक ४ अधिक ८ अधिक ८ म्हणजे २२ लाख, दुसऱ्या बाजूला तेवढेच, मध्ये १ लाख. बेरीज ४५ लाख योजने. हा अढाई द्वीप, म्हणजे माणसाचे सगळे जग.

आणि सिद्धशिलेचा व्यास? ४५ लाख योजने.

हे आकडे सारखे येतात याचे कारण एका नियमात आहे. शरीर सुटताना मुक्त जीव सरळ वर जातो. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वळण नाही. ज्या जागी देह सुटला तिच्या बरोबर वर, लोकाच्या टोकाशी, तो कायमचा थांबतो. मोक्ष फक्त मनुष्यजन्मातून मिळतो. म्हणून माणसाचे जग जेवढे, तेवढेच मुक्तांचे. खालच्या प्रत्येक बिंदूची जागा वर राखलेली आहे.

श्वेतांबर आगमांतल्या औपपातिक सूत्रात या शिलेचा परीघही दिला आहे: १ कोटी ४२ लाख ३० हजार २४९ योजने आणि वर थोडे. ४५ लाखांना दहाच्या वर्गमुळाने गुणून पाहा. नेमका हाच आकडा येतो, आणि ‘वर थोडे’ म्हटलेली अर्धी योजनही मिळते. वर्तुळाचा परीघ काढायला जैन गणिती दहाचे वर्गमूळ वापरत. आजच्या हिशेबाने त्यांचा परीघ सुमारे ९३ हजार योजनांनी जास्त भरतो, शेकड्याला एकही नाही. मोक्षाच्या जागेचे वर्णन करताना एककाच्या अंकापर्यंत गुणाकार करत बसलेला तो आचार्य मला फार जवळचा वाटतो. त्याच्या मनात श्रद्धा आणि अंकगणित यांची भांडणे नव्हती.

शिलेचा रंग पांढरा शुभ्र. आकार उघडलेल्या, उलट्या धरलेल्या छत्रीसारखा. मधोमध ती ८ योजने जाड, आणि कडेकडे पातळ होत जाऊन शेवटी माशीच्या पंखाहून पातळ. तिचे शास्त्रीय नाव ईषत्प्राग्भारा पृथ्वी. सर्वार्थसिद्ध हे देवांचे सर्वांत वरचे विमान. त्याच्याही वर १२ योजनांवर ती आहे. सिद्ध तिच्यावर टेकून बसलेले नसतात. शिलेच्या वर एका योजनावर लोक संपतो. त्या योजनाचे चार कोस. त्यातल्या सर्वांत वरच्या कोसाचा वरचा सहावा हिस्सा, तेवढ्यात सगळे सिद्ध.

सहावाच हिस्सा का? एक कोस म्हणजे २,००० धनुष्ये. त्याचा सहावा भाग ३३३ पूर्णांक एक तृतीयांश धनुष्ये. आता दुसरीकडून हिशेब करू. मोक्षाला जाणाऱ्या माणसाची जास्तीत जास्त उंची शास्त्रात ५०० धनुष्ये धरली आहे. देह सुटण्याच्या सुमारास तोंड, पोट अशा शरीरातल्या पोकळ्या जीवाच्या प्रदेशांनी भरून निघतात आणि जीवाचा आकार एक तृतीयांशाने आटतो. ५०० चे दोन तृतीयांश किती? ३३३ पूर्णांक एक तृतीयांश. सर्वांत उंच सिद्ध त्या थरात बरोबर मावतो, वर बोटभर जागा उरत नाही. भगवान महावीरांची उंची सात हात होती. म्हणजे सिद्धावस्थेत चार हात सोळा अंगुळे. सर्वांत ठेंगणा सिद्ध दोन हातांच्या देहातून गेलेला, तो वर एक हात आठ अंगुळे. सगळ्यांची डोकी एकाच पातळीत, लोकाच्या छताला लागलेली. पायांची पातळी मात्र ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे. दिगंबर परंपरा एक तृतीयांशाचा आकडा घेत नाही, शेवटच्या देहाहून ‘किंचित कमी’ एवढेच म्हणते. पण मुद्दा दोघांचा एक: मुक्त जीवाला रंग नाही, वजन नाही, स्पर्श नाही, तरी आकार आहे, आणि तो त्याच्या शेवटच्या माणूसपणाचा आहे.

अनंत जीव तेवढ्यात कसे मावतात? शास्त्रांचा दृष्टान्त दिव्यांचा आहे. एका खोलीत शंभर दिवे लावले तरी उजेडांची दाटी होत नाही. एकात एक मिसळून प्रत्येक ज्योतीचा उजेड वेगळाच राहतो. सिद्ध असे एकाच जागी असतात आणि तरी कुणी कुणात विरघळत नाही. वेदान्ती वाचकाला इथे ठेच लागेल, कारण ब्रह्मात मिळून जाणे ही कल्पनाच इथे नाही. प्रत्येक जीव स्वतंत्र, प्रत्येकाचे ज्ञान पूर्ण, प्रत्येकाचा आनंद पूर्ण. तीर्थंकर होऊन गेलेला आणि कुणाला ठाऊकही नसलेला एखादा साधू, दोघांत तिथे तिळभर उच्चनीच नाही.

हे सगळे दगडा-धातूत कसे दाखवायचे? दिगंबर मंदिरांत याचे जे उत्तर सापडते त्याने मला कितीदा तरी खिळवून ठेवले आहे. तिथे तीर्थंकरांच्या भरीव मूर्तींबरोबर एखादी सिद्धप्रतिमा असते: पितळेचा सपाट पत्रा, आणि त्यातून उभ्या माणसाची आकृती कापून काढलेली. डोके, खांदे, खाली सोडलेले हात, पाय, सगळे आहे. पण आहे ते रिकामे. मूर्ती म्हणून उरते ती कड. पुजारी दिवा ओवाळताना उजेड त्या आकृतीतून आरपार जाऊन मागच्या भिंतीवर पडतो. देह गेला, आकार राहिला, हे इतक्या कमी सामग्रीत सांगणारी दुसरी मूर्ती मी पाहिलेली नाही.

जीव वरच का जातो, याची कारणे उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, दहाव्या म्हणजे शेवटच्या अध्यायात आहेत. चार कारणे आणि परंपरेने त्यांना जोडलेले चार दृष्टान्त. कुंभाराने हात काढला तरी चाक आधीच्या वेगाने फिरत राहते. मातीचे लेप दिलेला भोपळा पाण्याच्या तळाशी बसतो. लेप विरघळले की आपोआप वर येतो. एरंडाचे बोंड तडकले की बी वर उडते. आणि ज्योत स्वभावानेच वर जाते. जीवही स्वभावाने ऊर्ध्वगामी आहे. कर्माच्या ओझ्याने तो खाली-आडवा भटकतो. ओझे उतरले की सरळ वर, आणि तेही एका समयात. समय म्हणजे काळाचा ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत असा कण. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात असे असंख्य समय होतात.

मग तो का थांबतो? अलोकात का निसटत नाही? कारण गतीला आधार लागतो. मासा पोहतो आपल्या बळावर, पण पाण्यावाचून नाही. जैन दर्शनात गतीला आधार देणाऱ्या द्रव्याला धर्मास्तिकाय म्हणतात आणि ते लोकाच्या सीमेपर्यंतच पसरलेले आहे. त्यापुढे वर जाण्याचा स्वभाव असूनही जाता येत नाही. मुक्त जीवालाही विश्वाचे नियम लागू आहेत, हा विचार मला फार धाडसी वाटतो.

श्वेतांबर देरासरात, म्हणजे मंदिरात, रोज सकाळी पाटावर हा सगळा नकाशा तांदळाने काढला जातो. खाली स्वस्तिक: देव, मनुष्य, तिर्यंच (पशुपक्षी वगैरे), नारकी या चार गती. त्यावर तीन छोट्या राशी: सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र. सर्वांत वर तांदळाची आडवी चंद्रकोर आणि तिच्यावर चिमूटभर दाण्यांचा ठिपका. ती कोर म्हणजे सिद्धशिला. नैवेद्याची मिठाई स्वस्तिकावर ठेवतात, फळ मात्र सिद्धशिलेवर. बोटांच्या सवयीने दोन मिनिटांत चौदा रज्जूंचे विश्व पाटावर उभे राहते.

इथे एक अडचण येते. मोक्षाचा अधिकार पंधरा कर्मभूमींत, म्हणजे कष्ट आणि साधना जिथे शक्य आहे त्या प्रदेशांत, जन्मलेल्यांना. मग समुद्रांच्या वरची, पर्वतांच्या वरची, जिथे फक्त सुख भोगायचे त्या भोगभूमींच्या वरची सिद्धशिला रिकामी असायला हवी. आचार्यांनी याचाही विचार केला. कधी एखादा वैरी देव ध्यानस्थ मुनीला उचलून दुसरीकडे टाकतो, समुद्रातही टाकतो. याला संहरण म्हणतात. पाण्यात पडता पडता त्या मुनीला केवलज्ञान, म्हणजे सर्व काही जाणणारे ज्ञान, होते आणि तिथूनच तो सिद्ध होतो. अनादि काळात असे इतके घडले आहे की अढाई द्वीपातला एकही बिंदू असा उरलेला नाही जिथून अनंत जीव मुक्त झाले नाहीत. समता कॉलनी त्यात आली. जी.ई. रोडवरचा चौक, शेजारच्या चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ, सगळे आले.

तरीही काही जागांची नावे आठवणीत राहिली, आणि त्यांना सिद्धक्षेत्र म्हणतात. रायपूरहून हाच जी.ई. रोड पश्चिमेला कुम्हारीच्या कैवल्यधामावरून, दुर्गवरून नागपूर-अमरावतीकडे जातो. अमरावतीहून परतवाडा गाठून सातपुड्याकडे वळले की मुक्तागिरी लागते. डोंगर बैतूल जिल्ह्यात, मध्य प्रदेशात. येणारा-जाणारा यात्रेकरू बराचसा विदर्भातला. कड्यावरून पडणारा धबधबा आणि उतारावर विखुरलेली ५२ मंदिरे. प्राकृतातल्या निर्वाणकांडात या जागेचा पत्ता दिशेसकट दिला आहे: अचलपूरच्या ईशान्येला, मेंढगिरी. इथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले असे तिथे सांगितले आहे. नकाशा उघडा, आजच्या अचलपुराहून मुक्तागिरी ईशान्येलाच आहे. मेंढगिरी या नावामागे एका मेंढ्याची कथा आहे. तो ध्यानस्थ मुनींपुढे येऊन पडला, मरताना त्यांच्या तोंडून णमोकार मंत्र त्याच्या कानी पडला, आणि तो देव झाला. देव झाला, सिद्ध नाही; हा फरक जैन कथाकार कधी विसरत नाहीत. स्वर्ग संपतो. पुण्य सरले की देवालाही खाली यावे लागते.

नाशिक जिल्ह्यात अशा दोन जागा आहेत. म्हसरूळजवळच्या गजपंथाहून सात बलभद्र (जैन पुराणांतले वीरपुरुष) मुक्त झाले. बागलाणातल्या मांगी-तुंगीच्या जोडसुळक्यांवरून ९९ कोटी मुनी, आणि त्यांच्यात आठवा बलभद्र: राम.

छत्तीसगडात राहणाऱ्याला हे वाचून थांबावेच लागते. रायपूरजवळ चंदखुरीला कौसल्येचे मंदिर आहे. हे तिचे माहेर मानतात, म्हणून राम या मुलखाचा भाचा. आजही इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. नागपूरकर भोसल्यांतले बिंबाजी रतनपूरला आले तेव्हा त्यांनी टेकडीवर रामाचे देऊळ बांधले आणि रामटेकचे नाव छत्तीसगडात आणले. या घरच्या रामाचा शेवट दोन परंपरा दोन तऱ्हांनी सांगतात. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात राम शरयूत उतरतो आणि विष्णुरूपात परततो. मागोमाग आलेल्या अयोध्येच्या प्रजेला संतानक नावाचे लोक मिळतात. तो एकटा जात नाही, गाव घेऊन जातो. विमलसूरींच्या पउमचरियात, जे आपल्या मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृताच्या जैन वळणात लिहिले आहे, रावणाला लक्ष्मण मारतो, रामाच्या हातून ती हत्या होत नाही. लक्ष्मणाच्या मृत्यूने राम वेडापिसा होतो, मग शांत होतो, दीक्षा घेतो, केवलज्ञान मिळवतो आणि एकटा वर जातो. जैन परंपरेत सीताही दीक्षा घेते आणि अच्युत स्वर्गात देव होते. ज्याने तुंगीवर डोके टेकले त्याच्या लेखी राम बरोबर त्या सुळक्याच्या वर आहे, आणि तो आता कुणाचा राजा नाही, भाचा नाही, पती नाही.

हिंदू परंपरेतली मुक्तांची घरे याच्या अगदी उलट, नात्यांनी भरलेली आहेत. जुन्यातले जुने तपशीलवार वर्णन कौषीतकी उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात आहे. ब्रह्मलोकाला निघालेला जीव अग्नी, वायू, वरुण, इंद्र, प्रजापती यांच्या लोकांतून जातो. वाटेत आर नावाचे सरोवर लागते. ते मनाने ओलांडायचे. ज्यांना फक्त समोरचे दिसते ते त्यात बुडतात. मग विजरा नदी, जिच्या पलीकडे म्हातारपण नाही. तीही मनानेच ओलांडायची, आणि तिथे पाप-पुण्य दोन्ही झटकून टाकायचे. झटकलेले पुण्य त्याच्या आवडत्या नातलगांना मिळते, पाप नावडत्यांना. नंतर तो दिवस आणि रात्र अशी पाहतो जशी रथातला माणूस खाली फिरणारी दोन चाके पाहतो. पुढे इल्य नावाचा वृक्ष, अपराजित नावाचा प्रासाद, विचक्षणा नावाचे आसन. पाचशे अप्सरा हारफुले, सुगंध, वस्त्रे घेऊन सामोऱ्या येतात. आणि मंचकावर बसलेला ब्रह्मा विचारतो, तू कोण? उत्तर येते ते असे की, तू जो आहेस तोच मी. हे उत्तर ज्याला देता येते त्यालाच तिथे जागा.

भागवताच्या तिसऱ्या स्कंधातले वैकुंठ त्याहून घरगुती आहे. तिथले रहिवासी विष्णूसारखेच चतुर्भुज दिसतात. बागेत मोर, पोपट, हंस, चक्रवाक, सगळे ओरडत असतात. पण भुंगा गुणगुणू लागला की ते गप्प होतात, कारण त्यांना वाटते हरिकथा चालू झाली. पारिजात, चंपक, कमळ अशी एकाहून एक फुले तिथे आहेत आणि ती सगळी तुळशीला मान देतात, कारण हरीने गळ्यात घातली ती तिची माळ. वृंदावनासमोर रोज पणती लावणाऱ्या घराला हे वैकुंठ परके वाटणार नाही.

पुष्टिमार्गात वैकुंठाच्याही वर गोलोक आहे, कृष्णाची नित्यलीला चालते ते धाम. आणि या मार्गाचे प्रवर्तक वल्लभाचार्य यांचे जन्मस्थान आमच्या रायपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, चंपारणला. १४७९ साल. काशीहून दक्षिणेकडे निघालेल्या आईवडिलांना वाटेत या अरण्यात मूल झाले. निर्जीव समजून त्यांनी ते शमीच्या झाडाखाली ठेवले, आणि परत येऊन पाहतात तो भोवती अग्नीचे कडे, आत हसणारे बाळ. पुढे वल्लभाचार्यांनी सेवाफल नावाच्या छोट्या प्रकरणात सेवेची तीन फळे सांगितली: लीलेत सामील होण्याचे अलौकिक सामर्थ्य, सायुज्य, आणि वैकुंठादी धामांत सेवेला उपयोगी पडेल असा देह. देह! सिद्धशिलेवर पोहोचणारा जीव देह कायमचा खाली ठेवून जातो, आणि इथे मुक्त भक्ताला फळ म्हणून देह दिला जातो, कारण देवासाठी फुले गुंफायची तर हात लागतात.

चंपारणला आरंगवरून जाता येते. आरंगमध्ये साधारण अकराव्या शतकातले भांड देऊळ उभे आहे, भूमिज शैलीतले; अंबरनाथचे किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर ज्याने पाहिले आहे त्याला ही शैली लांबूनच ओळखू येईल. गाभाऱ्यात तीन तीर्थंकर शेजारी शेजारी उभे आहेत. एकाच वाटेवर आधी देहावाचून मोक्ष, मग देहासकट.

मराठी परंपरेत या धामांचा हिशेब रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात, दहाव्या समासात घातला आहे. देवाच्या लोकात राहणे ही सलोकता, जवळ राहणे समीपता, त्याचे रूप मिळणे सरूपता, आणि चौथी सायुज्यता. समर्थांचा निवाडा कडक आहे. कल्पान्ती पृथ्वी जाईल, देव जातील. मग त्यांच्या लोकांत राहणाऱ्यांची मुक्ती कशी टिकेल? पहिल्या तिन्ही बुडतात, सायुज्यता तेवढी अढळ. जागा म्हटली की ती नासणार, असा त्यांचा तर्क. जैन आचार्य याला नाही म्हणतील: सिद्धत्वाला सुरुवात आहे, शेवट नाही; लोकही अनादि-अनंत, त्याचे टोकही. वारकऱ्यांचे तिसरेच. तुकोबा १६५० साली देहूहून वैकुंठाला गेले असे मानतात, बीजेला लाखो लोक तिथे जमतात. पण त्याच परंपरेतले संत मुक्ती नको, पुन्हा जन्म द्या, पंढरी पाहू द्या, असे मागत आले. भूवैकुंठ हाताशी असताना वरचे कशाला? आणि तरी आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लागते, वारकऱ्याच्या नावाआधी ‘वै.’. मृत्यूच्या बातमीच्या पहिल्याच अक्षरात माणसाचा नवा पत्ता लिहिलेला असतो.

जैनांत मात्र आज गेलेल्या कुणालाही कुणी सिद्ध म्हणत नाही, कितीही मोठा साधू असो. याचे उदाहरण छत्तीसगडने अलीकडेच पाहिले. हावडा-मुंबई लोहमार्गावरच्या डोंगरगडला, चंद्रगिरीवर, १८ फेब्रुवारी २०२४ रोजी आचार्य विद्यासागर यांनी समाधी घेतली. सीमाभागातल्या सदलग्याचा हा मुलगा, जन्म १९४६, मुनिदीक्षा १९६८ साली अजमेरला. त्यांची गुरुपरंपरा चौथ्या पायरीवर शांतिसागर महाराजांपर्यंत पोहोचते, ज्यांनी १९५५ साली धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरी या सिद्धक्षेत्रावर ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर, म्हणजे आमरण उपवासानंतर, देह ठेवला. कुंथलगिरी कुलभूषण-देशभूषण मुनींची मोक्षभूमी. त्या जागी देह ठेवूनही शांतिसागरांबद्दल शब्द वापरतात तो समाधीचा. कारण हा पंचमकाळ, उतरत्या कालचक्राचा पाचवा टप्पा. भरतक्षेत्रातून शेवटचे मुक्त झाले ते जंबूस्वामी, श्वेतांबर गणनेनुसार महावीरांच्या निर्वाणानंतर ६४ वर्षांनी. तेव्हापासून आपल्या डोक्यावरची वाट बंद आहे आणि या कालचक्राचा फेरा उलटून पुन्हा तीर्थंकर होईपर्यंत बंद राहील.

बंद आहे ती आपल्यापुरती. अढाई द्वीपातल्याच महाविदेह क्षेत्रात ती नेहमी उघडी असते. शास्त्रांचा हिशेब असा की ६ महिने ८ समयांत ६०८ जीव सिद्ध होतात, आणि दोघांच्या मध्ये सहा महिन्यांहून मोठा खंड पडत नाही. म्हणजे या वर्षी, आपण दिवाळीपासून आषाढीपर्यंत पोहोचतो तेवढ्या काळात, सहाशेहून जास्त जीव कुठून तरी सरळ वर गेलेले आहेत.

आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जिवांची सुटका होते. जैन विश्वात सर्वांत खालची अवस्था निगोदाची: एकाच सूक्ष्म शरीरात अनंत जीव, एकदम श्वास घेणारे, एका श्वासात साडेसतरा वेळा जन्मणारे-मरणारे, अनादि काळापासून तिथेच अडकलेले. वर जितके सिद्ध होतात तितकेच जीव या अंधारातून पहिल्यांदा बाहेर पडतात आणि झाड, किडा, पक्षी, माणूस अशी त्यांची भटकंती सुरू होते. एक वर, एक बाहेर. म्हणून जैन साधू सांगतात की आपल्यातल्या प्रत्येकावर एका सिद्धाचे ऋण आहे. अगणित काळापूर्वी तो कुठल्या तरी गावावरून, डोंगरावरून किंवा समुद्रावरून सरळ वर गेला, आणि त्याच्या जाण्याने आपला इथला प्रवास सुरू झाला. तो आजही त्या गावाच्या वरच आहे, त्याला आपले सगळे जन्म दिसत आहेत, आणि गावाचे नाव आपल्याला स्वतः केवलज्ञान होईल तेव्हाच कळेल.